प्रकाशयोजना, गिझरच्या पॉइंटवरून

शॉर्टफिल्मचं बजेट जितकं कमी, तितके दिग्दर्शकाच्या तोंडी दाखले मोठे. आमचा म्हणाला, "रात्रीचा सीन मेणबत्त्यांवर करू. कुब्रिकने 'बॅरी लिंडन'मध्ये केलाच ना?" केला, 1975 साली आलेल्या त्या सिनेमात. पण त्याच्याकडे झाइसची एफ 0.7 ची, मुळात नासासाठी बनवलेली लेन्स होती. आमची लेन्स लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राची, आणि संध्याकाळच्या रिसेप्शनआधी ती परत हवी होती. म्हणजे रात्र दुपारीच उरकायची. खिडक्यांना घोंगड्या लागल्या.

पुस्तकात की लाइट, फिल लाइट, बॅक लाइट अशी ऐटबाज नावं असतात. सदाशिव पेठेतल्या मामांच्या दोन खोल्यांत लाइट कुठे लागणार हे ठरवतो प्लग. भाड्याने आणलेले हॅलोजन हजार-हजार वॉटचे. भिंतीवरचा साधा पॉइंट 6 अँपिअरचा. 230 व्होल्टने गुणा, 1380 वॉट. एक हॅलोजन सुखाने जळतो, दुसरा लावला की थोड्या वेळाने एमसीबी खाली आणि मामांची मालिका ऐन भांडणात बंद. 16 अँपिअरचा पॉइंट घरात एकच, गिझरचा. लाइटदादांनी तिथून केबल ओढली आणि जाहीर केलं, "आज कुणी आंघोळ करायची नाही." नायकाने मान डोलावली, त्याचा तसाही विचार नसावा.

मग ट्यूबलाइट. हॅलोजनचा उजेड 3200 केल्विनचा, पिवळा. कॅमेरा त्याला जुळवून घेतला की ट्यूबचा उजेड निळा पडतो. नायकाचा एक गाल हळदीचा, दुसरा थंडीने गारठलेला. ट्यूब बंद करायला सांगितली तर मामी म्हणाल्या, "आणि पोळ्या काय चाचपडत लाटू?" प्रश्न रास्त होता. दादांनी ट्यूबवरच केशरी जिलेटिन गुंडाळलं. त्या दिवशीच्या पोळ्या फार खरपूस दिसत होत्या.

'अपराजितो'च्या (1956) वेळी छायालेखक सुब्रत मित्रांनी स्टुडिओतल्या अंगणावर पांढरं कापड ताणून खालून त्यावर दिवे मारले आणि बनारसचा मऊ उजेड पाडला. हे मामींना रंगवून सांगितलं. "पाहुण्यांची चादर आहे ती," एवढंच उत्तर आलं. शेवटी माळ्यावरून 2018 च्या बंदीआधीचं थर्माकोलचं मखर काढलं. नायिकेच्या चेहऱ्यावरचं जे तेज आहे, ते 'मोरया'च्या पाठच्या बाजूचं.

फिल्म पाहून एक जाणकार म्हणाले, "डावीकडून येणारा तो प्रकाश! काय एकटेपण उभं केलंय!" केबल तेवढीच पोचत होती.

तुम्हीही शॉर्टफिल्मच्या विचारात असाल, तर पटकथेआधी गिझरचा पॉइंट शोधा. आणि बजेट कितीही कमी असो, लाइटदादांचे पैसे त्याच दिवशी चुकते करा.