कर्ते सुधारक

महाराष्ट्रात सुधारकांना कधी तोटा पडला नाही. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, आणि बोलके कोण नि कर्ते कोण यावर आपण अजूनही भांडतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका मात्र निर्विवाद कर्ते सुधारक. समाजाला त्यांनी अजून हात लावलेला नाही. वस्तूंना सोडत नाहीत.

एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ त्याच संध्याकाळी उघडून बसला होता. दुकानातून आणलेली वस्तू म्हणजे काकांच्या लेखी कच्चा माल. छत्रीला सायकलची ग्रिप, कुलपाच्या किल्लीला लाकडी कान. काकूंच्या विळीचा पाट तर ‘मनगटाला सुख’ म्हणून त्यांनी एवढा उतरता केला, की काकडी चिरता चिरता काकूच पुढे सरकायच्या. तेव्हापासून काकूंची दुसरी विळी आमच्याकडे असते आणि भाजी चिरायला त्या खाली येतात. इमारतीतल्या सगळ्या बातम्या आम्हाला घरबसल्या कळतात, त्यामुळे आमची काही तक्रार नाही.

गेल्या दिवाळीत लेकीनं काकांना स्वित्झर्लंडहून तो प्रसिद्ध लाल चाकू आणला. मिटल्यावर बोटाएवढा, ९१ मिलिमीटर. (मापलं कुणी, हे सांगायला नको. काकांचं व्हर्नियर देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असतं.) आत थोरलं पातं, धाकटं पातं, डबा फोडायचं हत्यार, बाटलीचा बिल्ला काढायचं हत्यार, पाठीवर एक आरी आणि बूच उपसायचा पिळाचा स्क्रू. एकत्र कुटुंबच ते! आणि एकत्र कुटुंबात होतं तेच इथंही होतं: एक जण कामाला बाहेर पडला, की घरी बसलेले टोचतात. थोरलं पातं उघडून जरा जोर लावला, तर मिटलेल्या हत्यारांच्या पाठी बोटांना लागतात आणि तो स्क्रू तळहातात रुततो.

“बरोबर शुक्राच्या उंचवट्यावर,” काका हात दाखवत म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत कानस वाजू लागली. लाल प्लास्टिकच्या पट्ट्या नुसत्या रिबिटांच्या टोकांवर दाबून बसवलेल्या असतात. काकांनी त्या अलगद उचकटल्या आणि ‘मूळ’ अशी चिठ्ठी लावून डबीत ठेवल्या. आजेसासूबाईंच्या मोडक्या पाळण्याचा शिसवी दांडा माळ्यावर होता, तो खाली आला. काकू बघत उभ्या होत्या. “या पाळण्यात आमच्या चार पिढ्या झोपल्या,” त्या म्हणाल्या. “आता चाकू झोपेल,” काका म्हणाले, आणि दांडा कापला.

मुठीला पोट दिलं. बोटांना खोबण्या दिल्या. ज्या ज्या कडा हाताला लागत होत्या त्या सगळ्या मोडल्या. मग पॉलिश पेपर: एकशेवीस नंबर, दोनशेवीस, चारशे, सहाशे, आणि शेवटी जवसाच्या तेलाचे तीन हात. या भानगडीत चिमटा आणि दातकोरणं यांची जागा गेली, कारण ती जुन्या पट्ट्यांच्या पोटात होती. दातकोरणं हरवलं. चिमटा आता फुलवाती वळताना काकूंना उपयोगी पडतो; काकांच्या सुधारणेचा काकूंना झालेला हा एकमेव लाभ.

“एवढं मोठं राष्ट्र, त्यांना काही कळत नसेल का?” मी विचारलं.

चूक झाली. काकांनी मला खुर्ची दिली. स्विस सैन्यानं १८९०च्या सुमारास शिपायाला चाकू द्यायचं ठरवलं, कारण नवी बंदूक उघडायला पेचकस लागायचा. पण एवढे चाकू वेळेत करून देणारा कारखाना देशात नव्हता, म्हणून पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. “म्हणजे स्विस चाकू मुळात जर्मन! लिहून ठेव.” पुढे कार्ल एल्झनर नावाच्या स्विस कारागिरानं १८९७ साली अधिकाऱ्यांचा चाकू काढला, त्यात हा बुचाचा स्क्रू आला. आणि शिपायाच्या चाकूला हातातून न सटकणारी मऊ मूठ कधी मिळाली? २००८ साली! “एकशे अठरा वर्षं लागली त्यांना. मला नऊ दिवस.”

नवव्या दिवशी चाकू पाहायला मिळाला. देखणा होता, यात शंका नाही. फक्त आता तो खिशात मावत नव्हता. मी हातात घेतला तर हाताला बसेचना. अंगठ्याची खळी भलतीकडे, खोबण्यांत बोटं तिरकी पडायची. मी चाकू फिरवून पाहिला, हात फिरवून पाहिला.

“त्या हातात नव्हे,” काका म्हणाले. “डाव्या.”

डाव्या हातात तो साच्यातून काढल्यासारखा बसला.

पंचवीस वर्षांचा शेजार. काका तीर्थ उजव्या हातानं घेतात, जेवतात उजव्या हातानं, सही उजव्या हातानं करतात. लहानपणी मास्तरांनी पट्टीनं ही सुधारणा केली होती, एवढं ते सहज बोलून गेले. तेवढीच एक सुधारणा त्यांच्यावर दुसऱ्या कुणी केलेली. कानस, करवत नि स्क्रूड्रायव्हर मात्र डाव्या हातात. एवढ्या वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. काकूंची विळी, ती ग्रिप लावलेली छत्री, सगळं एकदा डाव्या हातात धरून बघायला हवं होतं.

घरी जाऊन मी जरा शोधाशोध केली आणि रात्रीच वर जाऊन आनंदानं सांगितलं, “काका, हा चाकू खास डावखुऱ्यांसाठीही मिळतो. नखानं उघडायची खाचसुद्धा पात्याच्या दुसऱ्या बाजूला असते. लेकीला सांगा, पुढच्या वेळी तोच आणेल.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“आणि मग मी काय करायचं?”