वडनेरचा दर्यावर्दी

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ नंबरचा महामार्ग हिंगणघाट सोडून पुढे सरकला की वडनेर लागतं. कापूस, सोयाबीन, तूर आणि मे महिन्यात ४५ अंश, एवढ्यात गावाचा भूगोल आटोपतो. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर, आणि बंगालचा उपसागरही काही शेजारच्या गल्लीत नाही. दिवाणखान्यात समुद्र पाळणारा गडी हल्ली कुठल्याही तालुक्यात निघतो. मी माझ्या नमुन्याला मुद्दाम वडनेरात बसवलंय. मुंबईत हा शौक कुणालाही जमेल. तिथे समुद्र हाकेवर असतो.

गड्याचं कृषी केंद्र आहे. दिवसभर तो युरिया आणि डीएपीच्या थैल्या विकतो, आणि रात्री घरी येऊन टाकीतलं नायट्रेट व फॉस्फेट कमी कसं होईल या चिंतेत बसतो. ही दोन्ही वाढली की काचेवर हिरवं शेवाळ धरतं. म्हणजे जे शेतकऱ्याच्या वावरात जावं म्हणून तो दिवसभर घसा कोरडा करतो, तेच घरात शिरू नये म्हणून रात्री जागतो. त्यात बुरशीवर मारायचं कॉपर ऑक्सिक्लोराइडही दुकानातच. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर कोळंबी आणि गोगलगायी जिवंत राहत नाहीत. म्हणून घरात पाऊल टाकल्याबरोबर हा कोपरापर्यंत हात धुतो, नखांत ब्रश घालतो, मग हात वर धरून, कुठेही स्पर्श न करता, ऑपरेशनला निघाल्यासारखा टाकीकडे जातो. लेकरू "बाबा" म्हणून बिलगायला आलं तर आधी डॉक्टरसाहेबांचं काम उरकतं.

लागण बहुतेक शाळेच्या सहलीत झाली असावी. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. विदर्भातल्या कितीतरी पोरांनी समुद्री मासा जिवंत असा पहिल्यांदा तिथेच पाहिला. बाकीची पोरं बाहेर येऊन भेळ खायला पळाली. हा काचेला नाक लावून उभा राहिला, तो अजून उभाच आहे.

टाकी आली तेव्हा सगळा मोहल्ला मासे पाहायला लोटला. टाकीत पाणी होतं, वाळू होती, दगड होते, मासा नव्हता. आठ दिवसांनी पाहिलं, नव्हता. महिन्याने, तरी नव्हता. ज्याला रोग जडलेला नाही त्याला हे समजावणं कठीण. नव्या पाण्यात आधी जिवाणूंची वस्ती बसावी लागते. माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सोसवतं. या दोन्ही टोळ्या जमायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर त्यांना खायला म्हणून गड्याने बाजारातून एक झिंगा आणून पाण्यात सोडला. त्याची म्हातारी आई, म्हणजे लेकरांची आजी, गळ्यातली माळ सावरत येईल त्याला सांगायची, "बाप्पा, एवढ्या पैशाची पेटी आनली, अन् तिच्यात एक झिंगा सडवून राह्यला!"

मिठाचीही गंमतच. गांधीजी १९३० साली मिठासाठी साबरमतीहून समुद्राकडे गेले आणि पुढे वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला येऊन राहिले. हा वर्धा जिल्ह्यात बसल्या बसल्या मिठापासून समुद्र करतो. लिटरला ३५ ग्रॅम, दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो. शेजारचे काका म्हणाले, "किराण्यातून खडेमीठ घेनं न भाऊ, स्वस्तात पडन." त्यावर काकांना मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम यांची ओळख करून देण्यात आली. काका तेव्हापासून मागच्या दाराने जातात.

प्रवाळ मात्र नाही. पुण्याचे पाहुणे हटकून विचारतात, "रीफ म्हणता, मग कोरल कुठंय?" याच प्रश्नाची तो वाट पाहत असतो. टणक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. "बोरच्या जंगलातला वाघ तुम्ही घरी बांधाल का?" बोर व्याघ्र प्रकल्प आमच्याच जिल्ह्यातला, त्यामुळे दाखला पाहुण्यांना नीट लागतो. याबाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे. चोरून आणलेल्या प्रवाळाचे फोटो मिरवणाऱ्यांपेक्षा हा बराच सरळ.

मग दगड कुठून आले? घरीच केले. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवायचं, ओबडधोबड गोळे थापायचे. मीठ नंतर पाण्यात विरघळतं आणि दगडाला भोकं पडतात. त्या भोकांत जिवाणू राहतात. कामाला गावातला गवंडी बोलावला होता. गवंड्याने पहिला गोळा थापला, थापीने गुळगुळीत घोटला आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिला. गडी म्हणाला, "खराब कर." गवंड्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अजून भोकं पाड. वाकडा कर. इथं बोट घाल." संध्याकाळपर्यंत वीस वर्षांचं कसब मातीत घालून गवंडी मजुरी घेऊन निघाला. जाताना फाटकातून एवढंच म्हणाला, "भाऊ, हे मी केलं म्हनून कोनाले सांगजो नोका." पुढे ते गोळे कित्येक आठवडे पाण्याच्या ड्रममध्ये पडले होते, कारण ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि माशांना झोंबतो.

आता त्या दगडांवर एके ठिकाणी जांभळट डाग धरलाय. कॅल्शियम खाऊन दगडावर पापुद्र्यासारखं चढणारं ते शेवाळ, आणि टाकी रुळल्याची खूण. पाहुण्याला चहा मिळण्याआधी तो डाग पाहावा लागतो. गडी टॉर्च मारतो, आपण मान तिरपी करतो, तो म्हणतो, "दिसला?" इथे "हो" म्हणावं. "कुठंय?" म्हणणाऱ्याचा चहा थंड होतो.

मासे आहेत, नाही असं नाही. हॅचरीत जन्मलेली केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी आहे, नागपूरहून गाडीने आलेली. भर एप्रिलात एसीचा सगळा झोत थर्माकोलच्या डब्यावर होता, आणि डबा मांडीवर घेतलेली बायको घामाने निथळत होती. या माशांचा संसार अजब. सगळे जन्मतात नर. जोडीतला मोठा तो मादी होतो. ती मेली तर मागे राहिलेला नवरा काही आठवड्यांत स्वतःच बायको होतो आणि खालचा एखादा पोरगा बढती मिळून नवरा. हे ऐकून आजी बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "मंग त्याईच्यात सासू कोन होते?" गड्याकडे कॅल्शियमपासून खाऱ्या पाण्याच्या घनतेपर्यंत सगळे आकडे आहेत, याचं उत्तर नाही.

खरं तर मासे त्याला फारसे दिसतही नाहीत. मासे दाखव म्हटलं की तो वही काढतो. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात थेंब मोजायचे. एकोणीस, वीस, एकवीस, आणि गुलाबी रंग निळा झाला की श्वास सोडायचा. कॅल्शियम ४२०. कालही ४२० होतं. या न बदलण्याचाच त्याला आनंद. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आभाळाकडे पाहून जगतं. पाऊस किती पडेल, कापसाला भाव काय लागेल, कुणालाच सांगता येत नाही. त्यातल्या एकाला तरी आपलं पाणी दशांशापर्यंत ठाऊक असावं, हे मला गैर वाटत नाही.

कठीण असतो तो मे. टाकीचं पाणी २६ अंशांवर ठेवायला चिलर आहे. यंत्र पाण्यातली उष्णता काढतं, पण ती गिळत नाही, खोलीत ओकते. आणि ओकते नेमकी आजीच्या खाटेकडे. माशांना चिलर, माणसांना कूलर, आणि चिलरच्या वाफा मारायला कूलर पूर्ण वेगात. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी वरून घालावं लागतं. आरओ आलं होतं लेकरांच्या पोटासाठी. आता लेकरू ग्लास लावायला गेलं की आतून आवाज येतो, "थांब, टाकीचं भरून राह्यलं!"

आणि लाइट गेली की? पंखे बंद पडल्यावर माणसं अंगणात येतात. हा आत धावतो. पंप थांबले की गरमीच्याही आधी प्राणवायू संपतो. इन्व्हर्टरवर आधी लाटा करणारा पंप, मग उरलं तर ट्यूबलाइट. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात अक्षता पडताना याचा डोळा मोबाइलवर होता, कॅमेऱ्यातून टाकी दिसत होती. तेवढ्यात चित्र काळं झालं. वऱ्हाडी मंडळी जेवायला बसली तेव्हा पाहुणा हिंगणघाट ओलांडून गेला होता. घरी लाइट होती. आजीने कॅमेऱ्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता.

परवा गडी जेवताना म्हणाला, दोनशे लिटर कमी पडतं. पाणी जितकं जास्त तितकं ते स्थिर. तापमान लवकर चढत नाही, क्षार हलत नाहीत. पाचशेची टाकी घेतली तर उलट त्रास वाचेल. हे शास्त्र खरं आहे, म्हणूनच घातक. बायकोने भाजीचा डाव खाली ठेवला.

"मोठंच पाह्यजे न? मंग वावरातली विहीर काय वाईट हाये? लाखभर लिटर पानी असन तिच्यात."

तिला वाटलं, विषय संपला. गड्याचा घास मात्र हातातच राहिला होता आणि ओठ हलत होते.

"साडेतीन टन," तो म्हणाला. "मीठ साडेतीन टन लागन."