आमच्याकडे तर नीट दिसतंय!

वाचकाची तक्रार साधारण अशी येते : “बातमी अर्धी वाचून झाली, तेवढ्यात फोन थरथरला, ‘अभिनंदन! तुम्ही आयफोन जिंकलात’ असं आलं. मागे जायचं बटण दाबलं तरी पुन्हा तेच पान.” अशा वेळी वेबसाइटच्या चालकाने गडबडू नये. ऑफिसातल्या कम्प्युटरवर तीच बातमी उघडावी, कोपऱ्यातली पैठणीची सोज्वळ जाहिरात डोळे भरून पाहावी आणि उत्तर धाडावे, “आमच्याकडे तर नीट दिसतंय.” यात तसूभरही खोटे नाही. पान उघडता उघडता, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, त्या जागेचा लिलाव उरकतो. बोली लागते ती समोर कोण वाचतोय ते बघून. तेव्हा त्याचा आयफोन तुमच्या नशिबी कुठून असणार?

वाचक चिकट निघाल्यास जाहिरातीची लिंक मागावी. स्क्रीनशॉट चालत नाही म्हणावे. लिंक सहसा मिळत नाही, कारण बिचाऱ्याने घाबरून ब्राउझरच बंद केलेला असतो. एखादा खमक्या ती पाठवतोच. मग जाहिराती पुरवणाऱ्या नेटवर्कच्या पॅनेलमध्ये जाऊन ते डोमेन ब्लॉक करावे. उद्या तीच जाहिरात दुसऱ्या डोमेनवरून येईल, पण कारवाई केल्याची तारीख आपल्या पदरी राहते.

नेटवर्कला मेल शुक्रवारी संध्याकाळी टाकावी, म्हणजे सोमवारपर्यंत दोघांनाही निवांतपणा. सोमवारी कळते की जाहिरात त्यांची नव्हे, भागीदाराची. भागीदाराने ती जागा आणखी कोणाला तरी विकलेली असते. साखळी जितकी लांब, तितके प्रत्येकाचे हात स्वच्छ.

जाहिरातीची चौकट ‘सँडबॉक्स’ केली, तर तिला वाचकाला परस्पर दुसऱ्या पानावर ढकलता येत नाही. हा उपाय तांत्रिक माणसासमोर काढू नये. तो करून टाकेल. उरलीसुरली जागा पैशा-दोन पैशाला उचलणारे नेटवर्क काढून टाकण्याचा विषयही मीटिंगमध्ये ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ इथेच थांबवावा.

भ्यायचेच तर वाचकाला नव्हे, क्रोमला भ्यावे. आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ किंवा मोबाइलवर तीस टक्क्यांहून अधिक जागा खाणाऱ्या जाहिराती सर्रास दिसल्या, तर फेब्रुवारी २०१८ पासून हा ब्राउझर त्या साइटच्या सगळ्याच जाहिराती रोखू शकतो, पैठणीसकट. हे कळताच जी धावपळ होते, ती हजार तक्रारींनी होत नाही.

राहता राहिली दिलगिरी. १९९०च्या दशकात एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर झळकली, कंपनी भडकली, म्हणून ट्रायपॉड या साइटवरच्या एथन झकरमन यांनी जाहिरातीला स्वतंत्र खिडकी उघडून दिली. पानाचा आणि जाहिरातीचा संबंध नको, एवढाच हेतू. त्यातून पॉप-अप जन्मला. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात त्यांनी त्याबद्दल माफी मागितली आहे. सबब आपण वेगळी मागू नये. वाचकाला त्या लेखाची लिंक पाठवावी.