बैठे काम आणि मानवी शरीर: लंडनहून धाटावच्या आई-बाबांस



फार वेळ बसून राहिल्याने हृदयाचे काय होते, याचा पहिला मोठा पुरावा मिळाला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे 31,000 नोकरांचा अभ्यास करून 1953 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. बस एकच, ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त, आणि जीवघेणा. पोस्टमन आणि टपालखात्यातले कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असतील, अशी शंका होतीच. म्हणून मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापेही तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या, आणि वाद आणखी वाढला. मॉरिस स्वतः मात्र 99 वर्षे जगले.

लंडनच्या नेहमीच्या बसमार्गांवरून कंडक्टर 2005 साली गेले. मूळच्या रायगडातल्या धाटावच्या, आता लंडनला राहणाऱ्या आपल्या कुटुंबातही कंडक्टर कोणी उरलेला नाही. मुलगा, सून, नातू सगळे आपापल्या पडद्यासमोरचे ड्रायव्हर. धाटावकरांनी यावर हसण्याचे कारण नाही. तिथल्या रासायनिक कारखान्यात पूर्वी व्हॉल्व्ह फिरवायला ऑपरेटर प्लांटचे जिने चढत असे. आता बरेचसे काम कंट्रोल रूममधल्या खुर्चीतून होते. निवृत्तीनंतर तर जिनाही नाही आणि शिफ्टही नाही. टीव्ही मात्र तिन्ही पाळ्यांत चालू.

बसल्यावर शरीरातले मोठे स्नायू, म्हणजे मांड्या आणि पोटऱ्या, जवळजवळ रजेवर जातात. जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. ते थंड असले की साखर रेंगाळते. रक्तातली चरबी हाताळणारे विकरही मंदावते. पोटरी आवळली की पायातले रक्त वर ढकलले जाते. ती हललीच नाही तर रक्त साचते, क्वचित गुठळी होते. 1940 च्या बाँबहल्ल्यांत लंडनकर निवाऱ्यात रात्र-रात्र खुर्चीत बसून काढत, तेव्हा फुप्फुसात गुठळी अडकून झालेले मृत्यू डॉक्टरांच्या ध्यानात आले. मुंबई-लंडन विमानात मधूनमधून उठून चालायचे ते याच कारणाने. शेजारचा प्रवासी कितीही कपाळाला आठ्या घालो.

‘आपण काटक, आपल्याला काय होतंय’ हा रायगडी युक्तिवाद पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली स्वतःच्याच फोटोने मोडीत काढला. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. भारतीय माणूस सडपातळ दिसूनही आतून तुपकट असू शकतो, आणि मधुमेह बाहेरून पाहून येत नाही.

प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे दमसास वाढेल असे चालावे, दोन दिवस स्नायूंना जोर द्यावा आणि बसणे कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगते. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. दहा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवरून 2016 साली असे दिसले, की रोज 60 ते 75 मिनिटे भरभर चालणाऱ्यांत दिवसभर बसण्याचा वाढीव धोका जवळजवळ दिसत नाही. कुंडलिका नदीच्या काठाने गप्पा मारत, दर ओळखीच्या माणसापाशी थांबत केलेली फेरी या हिशेबात धरता येत नाही.

चालणे जमत नसेल तेव्हा निदान दर अर्ध्या तासाने उठावे. गुडघे साथ देत असतील तर जेवायला पाटावर बसावे, कारण उठताना मांड्यांना काम पडते. दुखत असतील तर खुर्चीचा हात न धरता चार-पाच वेळा ऊठबस करावी. फोनवर बोलताना फेऱ्या माराव्यात. लंडनचा फोन लांबतो, तेव्हा ही संधी मोठी. पाण्याचा तांब्या आणि रिमोट हाताशी ठेवू नयेत. बाबांना चहा जागेवर नेऊन देण्याची प्रथा आरोग्यशास्त्राला मान्य नाही. लंडनच्या घरात ती सुनेने यापूर्वीच बंद केली आहे.