दोन बादल्या

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गाड्या पुसायला मामा येतात. पहाटे साडेपाचला, एक बादली आणि एक फडकं घेऊन. गाड्या बावीस, पाणी एकदाच भरलेलं. पहिली गाडी चेअरमनची, माझी एकविसावी. माझ्यापर्यंत पोचतो तो वीस गाड्यांचा गाळ, आणि मामा तो मोठ्या मायेनं, गोल गोल, बॉनेटला चोळतात. सकाळच्या उन्हात बघावं तर कोळ्यानं जाळं विणल्यासारखे बारीक चरे.

रंगावरचा पारदर्शक थर असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून पातळ. (माझ्या बाबतीत ही तुलना आता आठवणीतूनच.) आणि पुण्याची धूळ काही गोकुळातली माती नव्हे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, क्रशरमध्ये भरडलेला, डंपरमधून सांडलेला. कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा तो आम्ही चहातूनही प्यायलो. २०२२च्या मार्चमध्ये वनाजहून मेट्रो धावली एकदाची, धूळ मात्र इथेच उतरली. तिच्यावर फडकं फिरवणं म्हणजे रंगाला पॉलिश पेपर मारणंच.

मामांना मी जाड, लुसलुशीत मायक्रोफायबरचं फडकं आणून दिलं. “एवढं मऊ गाडीला?” म्हणाले, आणि नातवासाठी घरी घेऊन गेले. बरोबरच केलं.

मग रविवारी मीच उतरलो. दोन बादल्या: एक साबणाची, दुसरी फडकं खळबळायला. गाडी सावलीत, नाहीतर बोअरचं पाणी जागीच सुकून डाग धरतं. भांड्यांचा साबण नाही, तो मेणाचा थरही उतरवतो. आधी नुसतं पाणी ओतायचं आणि धुळीला आपण होऊन जाऊ द्यायचं. मग टपावरून खाली, सरळ हातानं, चाकं शेवटी. फडकं जमिनीवर पडलं की बाद. आजीचं सोवळं मला गाडीमुळे कळलं.

“दोन बादल्या?” तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून विचारलं. “खडकवासल्यात किती पाणी उरलंय, पेपरात वाचता का?”

पुण्याची चारही धरणं भरली की २९ टीएमसी होतात, त्यात माझ्या बादल्या कुठे मोजायच्या! तरी नम्रपणे म्हटलं, “काका, पाइप नाही लावला.”

“म्हणजे लावणार होतात!”

त्या धसक्यानं पुढचे रविवार मी पेपर वाचण्यात घालवले. त्यात मामा चैत्रात गावच्या जत्रेला गेले आणि गाडीवर धुळीची साय धरली. डिकीवर कुणीतरी बोटानं लिहिलं, ‘गाडी धूवा’. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी त्यातला दीर्घ ऊकार खोडून शेजारी ऱ्हस्व काढला होता.

अखेर धुतली. न घासता, शेवटी टॉवेलनं टिपून घेतली, तान्ह्या बाळासारखी. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मागे जाऊन पाहतो, तर डिकीवर अक्षरं शाबूत. बोटाखालच्या धुळीनं रंगात कोरलेली, चूकही आणि दुरुस्तीही.

काकांना खाली बोलावून दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ निरखलं.

“पूर्णविराम राहिलाच की हो,” म्हणाले.