आप्पांचं घोडं अडलं

केळीला भाव लागला की मुक्ताईनगर-रावेर पट्ट्यात कोणी ट्रॅक्टर बदलतं, कोणी मुलासाठी पुण्यात फ्लॅट बघतं आणि एखादे आप्पा सारंगखेड्याहून घोडं घेऊन येतात. चार-पाच गावांमागे असे एक आप्पा असतातच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटात चांदीचं जाड कडं आणि मोबाइलच्या पडद्यावर नातवाच्या जागी घोड्याचा फोटो. आप्पांना रिकिबीत पाय घालता येत नाही. त्याची गरजही नसते, कारण त्यांनी घोडं बसायला घेतलेलं नसतं. ते दारात उभं असावं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं ‘कोनाचं हो?’ म्हणून विचारावं आणि उत्तर आप्पांनी न देता शेजाऱ्यानं द्यावं, एवढीच त्यांची हौस.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तिथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पांढरेधोप नुकरे, सगळे येतात. तिथं आप्पा जी पारख करतात ती पाहण्यासारखी असते. भोवरे मोजून होतात, गळ्यावर ‘देवमण’ आहे का ते चाचपून होतं. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याण. तो घरात आला की भरभराट ठरलेली. मारवाडी जातीचे कान आत वळून टोकाला एकमेकांना भिडतात का, हे आप्पा समोरून, बाजूनं आणि एकदा खाली बसूनही पाहतात. दात पाहून वय काढतात. रवाल चालीवर पळवून आणायला सांगतात आणि घोडं परत येईपर्यंत डोळे मिटून टापा ऐकतात. म्हणजे घोड्याच्या अंगावरचं सगळं पाहून होतं. ते बांधायचं कुठं, हा प्रश्न टेम्पो हायवे सोडून गावात वळेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही.

तो पहिल्यांदा काकूंच्या मनात येतो.

“अवो, याले बांधनार कुठी?”

“गाय बांधतो तिथी.”

“मंग गाय?”

याला आमच्या आप्पांकडे उत्तर नव्हतं. पहिल्या रात्री त्यांचा पंचकल्याण घोडा, नाव बादशहा, अंगणात राहिला. सकाळपर्यंत त्यानं तुळस खाल्ली आणि बोलेरोच्या दाराला लाथेचा खोलगट ठसा दिला. त्यातून आप्पांनी घेतला होता नर. घोडी घेणं त्यांच्या तोलाला साजेसं नव्हतं. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण त्या आठवड्यात गल्लीत प्रत्येकाच्या ओठांवर आली आणि आप्पांचा चहा प्यायलेला असल्यामुळे परत गिळली गेली.

मग घोड्यासाठी जागा शोधणं सुरू झालं. सोबतीला मी, कारण माझ्याकडे वेळ असतो, असा आप्पांचा समज आहे. तीन लेकींची स्थळं आप्पांनी एकेका बैठकीत पक्की केली होती. घरात पाणी कुठून येतं, हेसुद्धा विचारलं नव्हतं. बादशहासाठी मात्र त्यांनी चौकशीची वही केली.

पुण्या-मुंबईत घोडे पैसे भरून ठेवून घेतात, असं ऐकून त्यांनी पुण्यातल्या एका रायडिंग क्लबला फोन लावला. तिथल्या मुलीनं विचारलं, धनुर्वाताची लस कधी दिली? जंताचं औषध? खूर शेवटचे कधी तासले? आप्पांनी विचारलं, “घोडं रस्त्यावरून दिसतं का?” बोलणं तिथंच संपलं.

पहिली जागा म्हणजे हायवेवरचं एक लॉन्स. मालक फुकट ठेवायला तयार होता, वर चाराही देणार होता. बदल्यात लग्नसराईत नवरदेव बादशहावर बसवायचे. आप्पांना ही अट अपमानास्पद वाटली, पण जागा फार आवडली. नागपूर-धुळे रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक घोडं बघून जाणार! शेड पत्र्याची, उंची जेमतेम, तिन्ही बाजू बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो, तेव्हा त्या पत्र्याखाली भाकरी भाजता आली असती. शेडमागेच डीजेचे कर्णे रचून ठेवलेले. हे मी बोलून दाखवलं तेव्हा आप्पा म्हणाले, “कूलर लावू.” डीजेबद्दल काही बोलले नाहीत.

दुसरी जागा पोल्ट्रीची. शेड हवेशीर, राखणदार चोवीस तास, दाण्याची पोती छतापर्यंत. आप्पा खूश. नेमके तिथं गुरांचे डॉक्टर भेटले. त्यांनी पोत्यावर हात ठेवून सांगितलं की कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोंबडीला ते मानवतं, पण घोड्याच्या पोटात थोडं जरी गेलं तरी हृदय निकामी होतं. “आणि घोड्याला ओकता येत नाही, आप्पा. एकदा गिळलं की गिळलं.” आप्पांनी वहीत लिहिलं : ‘ओकत नाही.’ पुढे कंसात : ‘चांगला गुण.’

तिसऱ्या जागेचं फार सांगण्यासारखं नाही. म्हशींचा गोठा होता, ओली फरशी, मुताचा वास नाकात शिरून डोळ्यांतून बाहेर येईल असा. बादशहानं दारातूनच मान फिरवली. त्या सगळ्या हिंडण्यात शहाणपणाचं मत देणारा तो एकटाच.

चौथे चाचा. जुन्या गावात त्यांच्या वरातीच्या घोड्या आहेत, वडिलांपासूनचा धंदा. आप्पांनी त्यांचं नाव वहीत शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं बोर्ड नव्हता. बोळाच्या टोकाला मातीच्या जमिनीचं ठाण, छप्पर उंच, दोन बाजूंनी वारं वाहतं, खाली उताराची नाली. कडब्याची कुट्टी चाळून ठेवलेली, कोरड्या डब्यात हरभरा. खुंटीवर तोबरे, खरारे आणि नाडे, सगळं धुतलेलं.

आप्पांनी वही उघडली. चाचांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, ते सरळ बादशहाकडे गेले. हात खांद्यावरून सरकवत खाली नेला आणि घोड्यानं स्वतःच पाय उचलला. वाकड्या हुकानं त्यांनी खुराच्या खाचेतला काळा गाळ काढला, बोटावर घेऊन हुंगला आणि आप्पांच्या नाकाशी धरला. कुजका वास! “ओल्यात बांधलं व्हतं.” मग ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबली आणि गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. शेवटी बादशहाच्या कुशीला कान लावून डोळे मिटले. आम्ही गप्प. “पोटात गुडगुड चालू पाह्यजे,” चाचा म्हणाले. “घोडं खाऊन गप झालं अन् पोटबी गप झालं, तर रात्र जागायची.”

आप्पांनी त्यांच्या परीनं मुलाखत सुरू केली. पंखा आहे का? कॅमेरे? शेजारचे घोडे कोणत्या घराण्यातले? चाचांनी सगळ्याला मान हलवली. मान होकाराची की नकाराची, ते कळायला मार्ग नव्हता.

मग चाचांनी विचारलं, “खायले काय देता?”

आप्पा खुलले. बदाम, खारीक, गूळ, बिस्किटाचे पुडे, पाहुणे आले की केळीचा अख्खा फणा आणि रात्री एकदम पाच किलो हरभरा. चाचांनी कपाळाला हात लावला. घोड्याचं पोट लहान असतं, त्याला दिवसभर थोडंथोडं चरायला लागतं. चारा आधी, चंदी मागून. कोवळी हिरवी ज्वारी दारातही आणायची नाही, किरळ लागते. पाणी उन्हाळ्यात बादल्यांनी. सकाळी फेरी, संध्याकाळी खरारा. महिना-दीड महिन्यात नालबंद. आणि घोडं हे कळपातलं जनावर, एकटं बांधलं तर खांबाला दात लावून हवा ओढायला लागतं. “मात्र हा नर हाये. घोड्यांच्या शेजारी नाही, पल्याडच्या ठाणात बांधीन, दिसतीन अशा. चालंल?”

चालणार होतं. पैसेही वाजवी होते. मग चाचांनी त्यांच्या अटी सांगितल्या. रात्री आठनंतर पाहुणे आणायचे नाहीत. घोडं चारा खात असताना फोटो नाही. हातानं काही भरवायचं नाही. मंत्री आले तरी दारू पिऊन आलेल्याला ठाणात घ्यायचं नाही.

“म्हणजे घोडं माझं, अन् मी कधी यायचं ते तुमी ठरवनार?”

चाचांनी खरारा झटकला. “घोड्याले जागा हाये, आप्पा. मालकाले नाही.”

परतीच्या वाटेवर आप्पा कोथळीच्या फाट्यापर्यंत काही बोलले नाहीत. कोथळीहून आषाढीसाठी मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीला जसे अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व येतात, तसा मुक्ताईपुढे आपला बादशहा चालेल, हे आप्पांचं जुनं स्वप्न. पंढरपूरपर्यंतची वाट पायी चालणं घोड्याला जमेल, आप्पांना नाही. पण लगाम धरलेला फोटो गावच्या वेशीवर निघू शकतो. चाचांच्या अटीत तेवढी जागा मिळाली असती. आप्पांनी मात्र वहीत चाचांच्या नावावर फुली मारली आणि चोपड्याच्या व्याह्यांना फोन लावला.

व्याही सज्जन. आमराई आहे, विहीर आहे, नाही म्हणायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी बादशहा टेम्पोत चढला. गल्लीनं गिळलेली म्हण त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकू आली. काकूंनी अंगणात नवी तुळस लावली.

हे झालं पौषात. होळीच्या सुमारास व्याह्यांचा फोन आला : घोडं चारा खातं, पण दिवसभर खांबाला दात लावून उभं राहतं. आंब्याच्या आळ्यापाशी दोन खांब कुरतडून झाले आहेत. आप्पांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि बराच वेळ वही चाळत बसले. मला वाटलं, चाचांचा नंबर शोधताहेत.

“चाचा म्हने ते खरंच हाये,” आप्पा म्हणाले. “एकटं घोडं झुरतं. यंदा दत्तजयंतीले आनखी एक आनू.”