काखेत टॉवर, गावाला वळसा

रेल्वेचं तिकीट हवं असेल तर स्टेशनात जावं, ही मुंबईकरांची जुनी समजूत. जुलै 2015 मध्ये लोकलचं तिकीट कागदाविना मोबाइलवर निघू लागलं आणि ही समजूत मोडीत निघाली. ‘यूटीएस’ अ‍ॅपवर तिकीट काढायचं तर रुळांपासून 30 मीटर लांब उभं राहायचं. बरं, फार लांब जाऊनही भागणार नव्हतं, स्टेशनापासून दोन किलोमीटरच्या आत असणंही सक्तीचं होतं. जावयाने सासुरवाडीशी ठेवावं तसं हे अंतर, ना फार जवळ ना फार लांब. गिरगावात घरी बसून दादरहून सुटायचं तिकीट काढायला गेलं की अ‍ॅपच्या मते माणूस फार लांब. तोच माणूस धापा टाकत दादरच्या फलाटावर पोहोचला की फार जवळ.

रेल्वेची बाजूही खरीच होती. मुंबईचा फुकट्या हा जगातला सर्वांत चपळ प्रवासी आहे. टीसीचा काळा कोट दिसल्याबरोबर खिशातून फोन काढायचा, तिकीट काढायचं आणि ‘हे काय साहेब’ म्हणून समोर धरायचं, हे त्याला दहा सेकंदांत जमलं असतं. मग 250 रुपये दंड कोणाकडून घ्यायचा? म्हणून रुळांभोवती अदृश्य कुंपण घातलं गेलं. या कुंपणाला जिओ-फेन्सिंग असं भारदस्त नाव आहे.

अडचण एवढीच, की हे कुंपण मुंबईचा नकाशा न बघता घातल्यासारखं होतं. तुळशी पाईप रोड रुळांना खेटून जातो. चर्नी रोड ते ग्रँट रोड पट्ट्यात घराच्या खिडकीतून लोकलमधल्या माणसाच्या हातातल्या पेपरचा मथळा वाचता येतो. अशा घरात राहणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात चहा घेत असला, तरी उपग्रहाच्या लेखी तो रेल्वेच्या हद्दीत. त्यात जीपीएसची गंमत वेगळीच. मोकळ्या मैदानात ते पाचेक मीटरपर्यंत अचूक सांगतं, पण परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये वीस हजार किलोमीटरवरून आलेला संदेश काचेच्या भिंतींवर आपटत, उशिरा पोहोचतो आणि माणूस आहे त्यापेक्षा भलतीकडे दिसतो. मोजायचे 30 मीटर आणि मोजपट्टीच कधी कधी तेवढी चुकणार. मग शहाणीसुरती माणसं हात वर करून, फोन आकाशाकडे धरून, दादरच्या फूलबाजाराच्या दिशेने उलटी चालताना दिसत. मागून शेवंतीची पाटी घेऊन येणारा काय म्हणत असेल ते इथे छापता येत नाही.

पुढे रेल्वेने स्टेशनात क्यूआर कोड लावले. कोड स्कॅन केला की कुंपणाच्या आतही तिकीट निघे. लोकांनी कोडचे फोटो काढून मोबाइलमध्ये जपून ठेवले आणि टीसी दिसला की आपल्याच फोटोवरून तिकीट काढू लागले. उपग्रह, टॉवर आणि सर्व्हर या तिघांना मिळून जे जमलं नाही, ते एका फोटोने केलं. बाहेरचं कुंपण नोव्हेंबर 2022 मध्ये उपनगरी प्रवाशांसाठी दोनावरून पाच किलोमीटरवर नेलं आणि एप्रिल 2024 मध्ये ते उठवूनच टाकलं. आतलं मात्र राहिलं. आता माणूस गडचिरोलीत बसून करी रोडचं तिकीट काढू शकतो, फक्त करी रोडच्या फलाटावर उभा राहून कोडाविना काढायला गेला तर पंचाईत.

तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण नव्वदीच्या अखेरीला याच शहरात मोबाइल न विचारता ठिकाण सांगायचा. त्या विटेएवढ्या फोनच्या इवल्या पडद्यावर जवळच्या टॉवरच्या परिसराचं नाव उमटायचं. दादर म्हणजे दादर. पूर्व की पश्चिम, ते त्याला कळत नसे आणि अस्सल दादरकराला दुसरं काही महत्त्वाचं नसे. टॉवरला तेव्हा कळायचं ते अंतरही ढोबळच. फोनचा संदेश यायला लागलेल्या वेळेवरून जीएसएमचं जाळं साधारण साडेपाचशे मीटरच्या टप्प्यांत हिशोब करतं. लालबागमध्ये एवढ्या टप्प्यात चिवडा गल्ली, मसाल्यांचा बाजार, लालबागचा राजा आणि गणेश गल्ली एवढं सगळं बसतं. त्यामुळे ‘पोहोचतोच आहे, परळला आलो’ हे वाक्य सायनहून बोलायची सोय होती. इनकमिंगलाही पैसे पडत, ते 2003 मध्ये थांबले. तेव्हापासून थापा स्वस्त झाल्या.

आता मीटरमीटरचा हिशोब आहे, तरी जेवण घेऊन आलेला मुलगा चाळीच्या तोंडाशी उभा राहून फोन करतोच : ‘सर, लोकेशन पे खडा हूँ, कहाँ आना है?’ तो चुकत नाही. पिन बरोबरच पडलेली असते, फक्त मागच्या गल्लीच्या बाजूने. शिवाय गिरगावातल्या चाळीचा पत्ता जमिनीवर नसतोच, तो जिन्यात असतो. दुसरा मजला, उजवा जिना, नळापलीकडची तिसरी खोली. अक्षांश-रेखांशांना मजले मोजता येत नाहीत.

टपाल खात्याने मे 2025 मध्ये ‘डिजिपिन’ आणला. देशाच्या प्रत्येक चार बाय चार मीटर चौकोनाला दहा अक्षरी-अंकी क्रमांक. चाळीतली खोली दहा बाय बारा फुटांची, म्हणजे जवळपास एका चौकोनात एक बिऱ्हाड! इतकं चपखल माप सरकारी योजनेत क्वचितच जुळतं. पण तळमजला ते चौथा मजला मिळून पाच बिऱ्हाडांचा डिजिपिन एकच, कारण यातही उंचीचा उल्लेख नाही. त्यापेक्षा 15 ऑगस्ट 1972 ला आलेला सहा आकडी पिनकोड नम्र होता. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने दिला. गृहस्थ संस्कृतचे नामवंत कवी. त्यांनी गिरगावाला 400004 दिला आणि पुढचं पोस्टमनवर सोडलं. पोस्टमनला उजवा जिना ठाऊक होता.

मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत गेली, गिरगावला भुयारी स्टेशन मिळालं आणि प्रवाशांना कळलं की खाली मोबाइलला रेंजच नाही. मेट्रो आणि टेलिकॉम कंपन्यांचं केबल-यंत्रणेच्या पैशांवरून बिनसलं होतं. मुंबईत आपला ठावठिकाणा कुणालाच लागू न देण्याची एवढी उत्तम सोय यापूर्वी नव्हती. लोकांनी तिची तक्रार केली.

हा विनोद इथपर्यंतच. कारण तेच जाळं, जे टीसीला आणि जेवणवाल्याला माणूस नीट दाखवत नाही, ते इतरांना बरंच काही दाखवतं. अमेरिकेत ग्राहकांचा ठावठिकाणा परवानगीविना पुरवल्याबद्दल बड्या मोबाइल कंपन्यांना एप्रिल 2024 मध्ये जवळपास 20 कोटी डॉलरचा दंड ठोठावला गेला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने एका परदेशी आरोपीला जामीन देताना गुगल मॅपवर पिन टाकून तपास अधिकाऱ्याला आपली जागा दाखवत राहण्याची अट घातली. 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती काढून टाकली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना नजर ठेवू देणारी अट खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं त्यांनी सांगितलं. गंमत म्हणजे गुगलने न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार अशा पिनवरून माणसाचा सतत माग काढता येतच नाही. म्हणजे अट जाचकही आणि कुचकामीही.

डिसेंबर 2025 मध्ये बातमी आली, की टेलिकॉम कंपन्यांच्या संघटनेने सरकारपुढे नवी सूचना ठेवली आहे : फोनमधलं उपग्रहाधारित लोकेशन कायम चालू राहावं, ग्राहकाला ते बंद करण्याची सोयच नसावी. टॉवरवरून तपास यंत्रणांना नेमकी जागा सांगता येत नाही, हे कारण. अ‍ॅपल, गुगल आणि सॅमसंग यांनी विरोध केला. गिऱ्हाइकाचं सगळं काही जाणणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकाच्या खासगीपणासाठी भांडताहेत, हे दृश्य नाक्यावरच्या पाकीटमाराने ‘सांभाळून जा हो’ म्हणण्याइतकंच हृद्य. तरी या भांडणात बरोबर तेच आहेत.

तोवर वाचकांनी एक करावं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपला ‘नेहमी’ लोकेशन दिलं आहे ते पाहावं. बॅटरी, टॉर्च, कॅल्क्युलेटर यांना तुम्ही लालबागला आहात की शिवाजी पार्कला, याच्याशी काहीही कर्तव्य नाही. त्यांची परवानगी काढून घ्यावी. टॉवरची मात्र काढता येत नाही. फोन चालू आहे तोवर त्याच्याकडे नोंद होतच राहते.